गट्टू, फरशी आणि आमची नात

आमची नात दीड वर्षाची होऊन गेली तरी चालायचं नाव घेईना. बोलायची मात्र भरपूर. पंख्याला, मिक्सरला, समोरच्या गॅलरीतल्या कुत्र्याला, सगळ्यांना हुकूम सोडायची. कुठं जायचं असलं की ढुंगणावर बसायची, एक पाय दुमडायची आणि दुसऱ्या पायानं वल्हं मारत हॉलभर फिरायची. वेग असा, की मी चहाचा कप टेबलावर ठेवून वळेपर्यंत बाईसाहेब स्वयंपाकघरात पोचलेल्या असायच्या. उभं करायला गेलं की दोन्ही पाय पोटाशी घ्यायची आणि आपल्या हातांत लोंबकळत राहायची.

"तुमच्यावर गेलीय," माझी बायको म्हणायची. "तुम्हीही बसल्या जागेवरूनच हुकूम सोडता."

हे काही खरं नाही. मी प्राथमिक शिक्षक. कळवण तालुक्यातल्या गावांमध्ये सगळी नोकरी उभ्यानं केली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मुलगा सातपूरला कारखान्यात, सून बँकेत क्लार्क. नात झाली आणि मला पुन्हा नोकरी लागली. या नोकरीला सुट्टी नाही आणि विद्यार्थिनी फार उद्धट आहे.

फ्लॅट घेताना सुनेनं हट्टानं निवडलेली एकच गोष्ट म्हणजे फरशी. पांढरीशुभ्र, मोठ्या चौकोनांची, इतकी गुळगुळीत की बिल्डरच्या माणसानं वाकून तिच्यात स्वतःचे दात बघून दाखवले होते. सून ती सकाळी बँकेत जायच्या आधी पुसते आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा पुसते. पाहुणा आला तर त्याला आधी पाय धुवायला पाठवते, मग तो पाहुणा माझा साहेब असो की तिचा. मी स्वतः त्या फरशीवर भिंत धरून चालतो. नातीच्या पायांना गार लागू नये म्हणून तिच्या पायांत सदा लोकरीचे मोजे. शिवाय मामानं दिलेला वॉकर होता. त्यात बसवलं की ती पायाच्या बोटांनी ढकलत सुसाट सुटायची आणि वॉकर कर्कश गाणं म्हणायचा. हे सगळं लाडानंच चाललं होतं आणि आम्हा कुणालाच त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मुलांच्या डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मी आणि सून घेऊन गेलो. ती फिजिओथेरपिस्ट म्हणजे एक तरुण मुलगी, माझी एखादी जुनी विद्यार्थिनी शोभावी अशी. तिनं नातीला टेबलावर न ठेवता सरळ जमिनीवर घेतलं, स्वतःही शेजारी पालथी पडली आणि गप्पा मारता मारता मोजे काढले. मग दाराजवळचं काथ्याचं पायपुसणं ओढून नातीला त्यावर उभं केलं. नातीनं असा टाहो फोडला, की बाहेर बसलेली सगळी माणसं आत डोकावली.

"हाडं चांगली आहेत, सांधे चांगले आहेत, डोकं तर फारच चांगलं आहे," ती म्हणाली. "पण तळवे बघा काका. पावासारखे मऊ आहेत. या पायांना अजून काही भेटलेलंच नाही. घसरणारी फरशी, त्यावर मोजे, त्यावर वॉकर. जमीन पकडायची असते हे तिला कळणार कसं? मोजे काढा, वॉकर माळ्यावर टाका आणि रोज अनवाणी सोडा. मातीत, गवतात, उंचसखल जागी."

मला तिला दहापैकी दहा द्यावेसे वाटले. पण पुढं ती म्हणाली, "दीड महिन्यानं परत आणा. तोवर एकही पाऊल टाकलं नाही तर मात्र पुढच्या तपासण्या कराव्या लागतील. मेंदूची एक करू, नसांची एक करू."

 परतताना रिक्षात नात सुनेच्या मांडीवर बसून रिक्षावाल्याला कुठं वळायचं ते सांगत होती. सून म्हणाली, "बाबा, मेंदूची तपासणी म्हणजे मशीनमध्ये घालतात ना? भूल देऊन?"

"तेवढी वेळच येणार नाही," मी म्हणालो. उत्तर येत नसलेल्या शिक्षकाचा आवाज नेहमी असाच ठाम असतो. सुनेला ते कळलं असणार, कारण तिनं नातीला आणखी जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवसापासून नातीला कडेवर घेऊन मी माती शोधायला निघालो. हे काम मला किरकोळ वाटलं होतं. माती म्हणजे काय, खाली बघितलं की असते, अशी माझी समजूत. पण खाली बघितलं तर जिकडे तिकडे गट्टू, म्हणजे ते सिमेंटचे पेव्हर ब्लॉक! लाल गट्टू, पिवळे गट्टू, डमरूच्या आकाराचे, षटकोनी, नागमोडी. फुटपाथवर गट्टू, देवळाच्या अंगणात गट्टू, विहाराच्या आवारात गट्टू, झाडांच्या बुंध्याला गळफास लावल्यासारखे गट्टू. बागेत गेलो तर पळायच्या वाटेवर गट्टू आणि हिरवळीवर पाटी, की इथं पाय ठेवू नये. मी आमच्या विद्यार्थिनीचा पाय तिथं टेकवला तशी रखवालदारानं शिट्टी मारली. मी त्याला म्हणालो, "अहो, हिला चालताच येत नाही, ही तुमचं गवत काय तुडवणार?" तो म्हणाला, "मग आजोबा, तुमचे पाय कुठं आहेत ते बघा." माझे बूट हिरवळीवर होते.

नदीकाठी गेलो. तिथं माती होती, पण तिच्यात काचा, निर्माल्याच्या पिशव्या आणि काय काय. रिकाम्या प्लॉटांना तारेची कुंपणं आणि आत माझ्या कमरेएवढं गाजरगवत. एका शाळेचं मैदान दिसलं, हिरवंगार. हात लावून बघितलं तर प्लॅस्टिक. शाळेच्या मैदानावर प्लॅस्टिकचं गवत पसरायची अक्कल ज्याला सुचली त्याला मी माझ्या वर्गात बाकावर उभा केला असता. मला फार राग आला होता आणि त्या रागात मी घरी जाऊन कळवणला फोन लावला.

माझा एक जुना विद्यार्थी तिथं शेती करतो. लासलगावला कांदा खाली करून तो त्याच्या पिकअपमध्ये नाशिकला साडूकडे येणार होता. त्याला म्हटलं, येताना आपल्या शाळेमागची लाल माती घेऊन ये, चांगल्या चार-सहा गोण्या. 

"गुरुजी," तो म्हणाला, "नाशिकमा माती नही शे का?"

"नाही," मी म्हणालो. "संपली."

तो बिचारा खरंच घेऊन आला. कांद्याच्या गोण्यांमध्ये भरलेली माती लिफ्टमधून वर चढवली. घरी मी, नात आणि बायको. बायकोनं मला वेड्यात काढलं, पण झाडू मात्र आणून दिला. गॅलरीत मी मातीचा छान थर पसरवला, पाणी शिंपडलं आणि नातीला मोजे काढून मधोमध बसवलं. उभं करायचा प्रयत्न केला तर पाय पोटाशी. बसवलं तर खूश. पहिली मूठ तिनं डोक्यावर घातली आणि दुसरी तोंडात. तिचं तोंड धुवायला मी नळी सोडली, तो लाल ओघळ गॅलरीच्या भोकातून थेट खालच्या मजल्यावर, तिथल्या वकीलसाहेबांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टांवर गेला. ते खालून, मी वरून, असा आमचा संवाद रंगात आला असतानाच सून बँकेतून घरी आली.

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.  पण तिनं आधी नातीच्या तोंडातून बोटानं माती काढली, तिला आंघोळ घातली, नखं कापली. मग गॅलरी झाडली, गोण्या भरल्या, फरशी पुसली. सगळं झाल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तुम्हाला वाटतं मी उगाच पुसत बसते," ती म्हणाली. "आमच्या घरापुढून नाला वाहायचा. पावसाळ्यात तो घरात यायचा. आई चूल उचलून खाटेवर ठेवायची. धाकटा भाऊ त्याच मातीत खेळायचा, दुसरी जागाच नव्हती. त्याला सारखी हगवण, सारखे जंत. पहिलीत होता तरी त्याच्या वर्गातल्या पोरी त्याला कडेवर घेऊन फिरायच्या, इतका लहान दिसायचा. अजूनही माझ्या खांद्याला लागतो. शाळेत त्याला ढ म्हणायचे. ढ नव्हता हो तो. आजारी होता."

 असली मुलं मी आयुष्यभर बघितली होती. पिवळट डोळ्यांची, मागच्या बाकावर पेंगणारी, दुपारी भिंतीला डोकं टेकून झोपणारी. गावात पाण्याची टाकी झाली, शाळेत नळ आला, त्यानंतरची पोरं वर्गात जागी राहायला लागली. शिकवणारा मीच होतो आणि पुस्तकंही तीच होती. आणि आता घरात माझी सून तेच सांगत होती आणि मी गॅलरीत चिखल करून बसलो होतो. मला फार वाईट वाटलं आणि मी तसं तिला सांगितलं.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "माती पाहिजे हे मलाही कळलंय. तिला मशीनमध्ये घातलेलं मला बघवणार नाही. पण माती माझ्या पद्धतीनं."

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर एक मोकळी जागा आहे, मध्ये मोठा कडुलिंब. नाकासमोर असून मी तिला जमेत धरत नव्हतो, कारण अख्खी कॉलनी तिथं राडारोडा टाकायची. रविवारी सकाळी सून म्हणाली, चला, ती जागा बघू. हातात झाडू घेऊन आम्ही खाली उतरलो तर तिथं ट्रक उभा! दोन माणसं गट्टू उतरवत होती आणि आमच्या कॉलनीचे चेअरमन कानाला मफलर गुंडाळून देखरेख करत होते. "या गुरुजी," ते म्हणाले, "आता बघा कसं चकाचक होतं!"

संध्याकाळी कडुलिंबाखाली खुर्च्या टाकून मीटिंग भरली, नाही म्हणजे आम्ही भरवायला लावली. सुरुवात मी केली. मुलं, निसर्ग, माती, मातृभूमी असं बरंच बोललो. कुणीतरी मागून म्हणालं, "गुरुजी, तास संपला." हशा पिकला आणि मी खाली बसलो.

चेअरमन म्हणाले, "हे सगळं ठीक आहे हो. पण पावसाळ्यात इथं डबकं साचतं. डास होतात. मागच्या पावसात डेंगी कुणाला झाला? मला झाला. सलाईनवर पडलो होतो, तुम्ही फळं घेऊन आला होतात." हे खरं होतं. माणूस मरता मरता वाचला होता आणि त्याच्यासमोर मातृभूमी काय कामाची?

तेव्हा सून उभी राहिली. तिला चारचौघांत बोलायची सवय नाही. ती ओढणीचं टोक पिळत होती.

"काका, डास मातीत नाही होत, साचलेल्या पाण्यात होतात. गट्टू खचले की त्यांच्यावरही डबकी साचतात. चर मारू, पाणी काढून देऊ. मी नाल्याकाठी वाढलेय, डासांचं मला सांगू नका." लोक हसले, पण या वेळी तिच्या बाजूनं. "घाण आहे म्हणता, तर घाण काढा ना. माती का काढता? माझी मुलगी दीड वर्षाची झाली तरी चालत नाही. तिला पाय ठेवायला जागा पाहिजे. एवढ्या कॉलनीत तेवढी तरी ठेवा."

 चेअरमननी मफलर काढून पुन्हा गुंडाळला. मग ठरलं ते असं: कडेनं म्हाताऱ्यांना फिरायला गट्टूंची वाट, आणि मधली कडुलिंबाखालची जमीन तशीच. फक्त साफसफाई कोण करणार? "आम्ही," सून म्हणाली. त्या 'आम्ही'त मी आहे हे मला घरी आल्यावर कळलं.

पुढच्या रविवारी विहारातून वंदना करून आलो आणि कामाला लागलो. सुनेनं हातमोजे घातले आणि काचा वेचल्या. मुलगा रात्रपाळी करून आला होता, त्याला चर खणायला लावलं. गवंडी वाळू चाळायला वापरतात ती जाळी तिनं कुठून तरी मिळवली आणि वरची सगळी माती चाळून घेतली. माझ्या आयुष्यात मी लोकांना गहू चाळताना पाहिलंय, पीठ चाळताना पाहिलंय, पण खेळायची माती चाळणारी बाई पहिल्यांदाच पाहिली. गॅलरीतल्या गोण्याही तिथं रिकाम्या झाल्या. कुत्री येऊ नयेत म्हणून बांबूचं बुटकं कुंपण झालं, कोपऱ्यात नळ बसला आणि नळाला नातीच्या लोकरीच्या मोज्यात घालून साबण टांगला गेला. कॉलनीतली पोरं, जी एरवी जिन्यात मोबाइलमध्ये डोकी खुपसून बसायची, ती तासाभरात हजर झाली. सून प्रत्येकाला आत सोडताना आणि बाहेर काढताना हात बघायची.

सगळं झालं, फक्त जिच्यासाठी केलं ती ढिम्म. मातीत पाऊल टेकलं की ओल्या फरशीवरून जाणाऱ्या मांजरासारखा पाय झटकायची. ढुंगणावर बसून सगळीकडे फिरायची, पोरांना हुकूम सोडायची, मातीच्या भाकऱ्या करायची. हळूहळू रडणं थांबलं. मग बांबू धरून उभी राहायला लागली. पण बांबू सोडायची नाही. रोज सकाळी मी तिच्यासमोर बसून बोलवायचो, चुटक्या वाजवायचो, एकदा तर रांगून दाखवलं. ती माझ्याकडे करुणेनं बघायची. तिकडे दीड महिना संपत आला. फिजिओथेरपिस्टकडे जायचा दिवस कॅलेंडरवर सुनेनं गोल केला नव्हता तरी तो आम्हा सगळ्यांना दिसत होता. बायको टोमणे मारायची बंद झाली, त्यावरून मला घरातलं वातावरण कळलं.

जायच्या आदल्या दिवशी सुनेनं बँकेत रजा टाकली. थंडी होती, ऊन कोवळं होतं. तिनं नातीला बांबूपाशी उभं केलं, स्वतःच्या चपला कुंपणाबाहेर काढल्या आणि अनवाणी आत आली. मी तिला मातीत अनवाणी कधी पाहिलं नव्हतं. ती नातीपासून चार हात अंतरावर उकिडवी बसली आणि दोन्ही हात पसरले. "ये," म्हणाली. बस, एवढंच.

नातीनं तिच्याकडे बघितलं. पायाची बोटं मातीत रुतवली. पलीकडे झाडाखाली पोरांचं काहीतरी जोरात चाललं होतं, खड्डा खणून त्यात पाणी ओतणं वगैरे. एक पोरगी किंचाळली, "आलं रे पाणी!" आणि नातीनं बांबू सोडला.

एक पाऊल. मग दुसरं. हात दोन्ही बाजूंना, पोट पुढं.  वाटेवरून फेऱ्या मारणारे चेअरमन जिथल्या तिथं थांबले. ती सुनेच्या जवळ आली, अगदी हाताच्या अंतरावर, आणि तिच्या पसरलेल्या हाताखालून वाट काढून तशीच पुढं गेली. धपकन पडली. दोन्ही तळवे चिखलानं भरले. सुनेचं अंग पुढं झुकलं, पण ती जागची उठली नाही. नातीनं ढुंगण वर केलं, उठली आणि पुन्हा चालायला लागली, झाडाकडे, पोरांकडे.

सून तशीच हात पसरून बसलेली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बाबा, बघितलंत?" ती म्हणाली. "माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिनं." माझाही चेहरा ओला झाला होता.

हाक मारली असती तर ती वळली असती. सुनेनं हाक मारली नाही.